यजमान आणि पाहुणा

नवरात्र आलं की आमच्या घरी कालवण पातळ व्हायचं. बाकीच्यांना तो सण, आम्हाला मंदी. आय ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची, आणि त्या नऊ दिवसांत अर्धं गाव मासळीला शिवत नसे. सकाळी बर्फावर मांडलेले बोंबील संध्याकाळी ती तसेच उचलून घरी आणायची, मीठ लावून दोरीवर टाकायची, आणि मग तेच आम्ही महिनाभर खायचो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं आंबट, कधी नुसता जवळा कांद्यावर परतलेला. टेंभी नाक्यावरच्या लाऊडस्पीकरवरची आरती वाऱ्याबरोबर आमच्या कोळीवाड्यापर्यंत यायची. बाबांना मात्र ती ऐकू येत नसे. ते रेतीच्या होडीवर होते. खाडीच्या तळाशी बुडी मारून बादलीत रेती भरायची आणि वर यायचं, असं वीस वर्षं केल्यावर दोन्ही कान गेले. त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंही बोलणं शेजारच्या चार घरांत पोचायचं. आमच्याकडे गुपित असं काही राहिलंच नाही.

आयची बाजारातली जागा तिच्या सासूकडून आलेली. जागा म्हणजे काय, सिमेंटचा दोन हात रुंद ओटा, पण त्यावर आमचं घर चाललं. बाजारातल्या बायकांचा एक अलिखित नियम होता: ज्या घरची बाई बसेल तिची जागा. बरेच दिवस कोणी बसलं नाही तर शेजारची आपला पाट तिकडे सरकवते, आणि एकदा पाट सरकला की तो मागे येत नाही. त्या वर्षी आयचे गुडघे गेले. ओल्या फरशीवर उकिडवं बसणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आय डॉक्टरांना म्हणाली, "मंग उभी राहून ईकू काय?" पण घरी येईपर्यंत तिच्याने जिना चढवेना.

तिच्याऐवजी बसणार कोण? घरात बाई म्हणजे मीच. बाबांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "दसरा झाला का तू बाजारान बस. शिकलीस ती शिकलीस."

मी बी.एस्सी. झालेले. फिजिक्स घेऊन. आमच्या घरातच नाही, आमच्या अख्ख्या आळीत तोवर कोणी पदवीला गेलेलं नव्हतं, आणि हे सांगताना मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. कॉलेजनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नौपाड्यात दामले सरांच्या दुकानात कामाला लागले. पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली, कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायचं काम. मी आणि नितीन असे दोघं तिथे कच्चे होतो. नितीन डोंबिवलीहून यायचा, इंग्रजी फाडफाड बोलायचा आणि माझ्या डब्याचं झाकण उघडलं की खिडकी उघडायचा. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, की दोघांपैकी एकालाच ठेवणार.

मी बाबांना म्हटलं, "दसऱ्यापर्यंत मला पक्कं केलं तर?"

"तर जा कामाला. जागंचा बगू मंग."

"आणि नाही केलं तर?"

त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

करंदीकरांचं काम आलं ते याच दिवसांत. नौपाड्यातच राहणारे काका-काकू, दोघंही सत्तरीचे. त्यांचा मुलगा अमेरिकेत, त्याने आधी काकांसाठी आणि मग काकूंसाठी एकेक लॅपटॉप पाठवलेला. त्या काळात एका घरात दोन लॅपटॉप म्हणजे लोक बघायला यायचे. काकांच्या लॅपटॉपला टेबलावरचाच टेलिफोन जोडलेला, त्यावरून मुलाला पत्र जायचं. काकूंना स्वतःच्या लॅपटॉपवर लिहायचं होतं, आणि तिथलं पत्र काकांच्या लॅपटॉपवर यायला हवं होतं. काकूंच्या नव्या लॅपटॉपला फ्लॉपी लागत नव्हती. मग वायर टाकून जोडायचं. पण घरात वायर चालणार नव्हती, कारण इस्त्रीच्या वायरमध्ये पाय अडकूनच काकू पडलेल्या आणि कमरेचं हाड मोडून बिछान्याला खिळलेल्या. तेव्हापासून त्यांच्या घरात जमिनीवर सुतळीसुद्धा पडू देत नसत.

सरांनी दोन्ही लॅपटॉप दुकानात आणले. "तारेशिवाय जोडायचेत," ते म्हणाले. दोन्हींच्या कडेला नखाएवढी खिडकी होती, काळपट लाल काचेची. काकांच्या लॅपटॉपला पुढच्या कडेला, काकूंच्या लॅपटॉपला मागच्या. टीव्हीच्या रिमोटसारखंच सगळं. खिडक्या हातभर अंतरावर समोरासमोर आल्या की डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातून अक्षरं इकडून तिकडे जातात. "आणि दोघंही ऐका," सर म्हणाले, "जो करेल तो राहील."

नितीनने दोन दिवस घेतले. खिडक्या एकमेकींना दिसल्या की दोन्ही लॅपटॉपमधून एक बारीक टिंग असा आवाज यायला हवा होता. तो काही आला नाही. तिसऱ्या दिवशी नितीन म्हणाला, "सर, ये इधर नहीं चलनेवाला. तिकडे अमेरिकेतच चालत असेल." माझी पाळी आली ती नवमीच्या दुपारी, आणि दुकान तर दसऱ्याच्या साफसफाईसाठी बंद होत होतं. करंदीकरांना पहिलं पत्र दसऱ्याच्या मुहूर्तावर पाठवायचं होतं, म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

"सर, घरी नेऊ का?" मी विचारलं.

"घरी म्हणजे कोळीवाड्यात? तिथे जरा ओल असते ना?"

"माझी पुस्तकं पंधरा वर्षं तिथेच आहेत, सर. एकही भिजलेलं नाही."

त्यांनी दोन्ही लॅपटॉप दिले. रिक्षात मी ते मांडीवर धरून बसले, आणि खड्डा आला की पाय उचलून त्यांना अधांतरी धरत होते. रिक्षावाला म्हणाला, "ताई, अंडी आहेत काय?"

आज माझी मुलगी खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फोनवरून फोटो पाठवते आणि तो पोचला का हे बघतसुद्धा नाही. मी बघते. जुनी खोड आहे.

घरी आल्यावर बाबांना मी त्यांच्या खाटेवरून उठवलं, कारण घरात सपाट आणि कोरडी अशी तेवढीच जागा. लॅपटॉपबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक पानन् पान वाचलं. नितीनने ते उघडलेलंच नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात एका कोपऱ्यात लिहिलेलं, की ही खिडकी कारखान्यातून बंद करून पाठवतात, लॅपटॉप चालू होताना एक बटण दाबून आत शिरायचं आणि ती चालू करायची. मी केली. मग एकाला 'होस्ट' करायचं, दुसऱ्याला 'गेस्ट'. आय भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून लसूण सोलत होती. तिला सांगितलं, "हा यजमान आणि हा पाहुणा. पाहुणा यजमानाच्या घरात शिरला की काम झालं."

"आनि यजमानान दार नाय उगारला तं?"

"तेच तर बघतेय."

दिवेलागणीला दोन्ही लॅपटॉप एकाच वेळी वाजले. टिंग. बाबांना ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय झाला?" आय म्हणाली, "आला गो पाव्हना." मी एका लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत आयचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यावर ते उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने दोन्ही पडद्यांवरच्या अक्षरांवर बोट न टेकवता बोट फिरवलं, एकसारखी आहेत याची खात्री केली, आणि म्हणाली, "बराबर हाय."

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूची फुलं आणायला गेलेले. परत आले तर आयने पाट मांडलेला. त्यावर बाबांची रेतीची बादली, तिचा मासळी कापायचा कोयता, आणि शेजारी करंदीकरांचे दोन्ही लॅपटॉप. झाकणावर हळद-कुंकू, त्यावर तांदूळ, त्यावर झेंडू.

"आय, दुसऱ्याच्या वस्तू आहेत त्या."

"दुसऱ्याच्या म्हनून पूजा नाय? तुजा पोट त्यांच्यावर हाय ना?"

मी मऊ फडकं जेमतेम ओलं करून झाकणं पुसली, कोरडी केली, तांदळाचा दाणा कुठे फटीत गेला नाही ना ते पाहिलं. आयने नमस्कार करायला लावला तो उभ्याउभ्याच केला आणि निघाले.

करंदीकरांकडे फरशी इतकी लख्ख की मी चप्पल काढल्यावर पायही पुसले. घरात श्रीखंडाचा वास. सर दुकानातून परस्पर माझ्याआधीच येऊन बसलेले. हॉलमध्येच काकूंचा पलंग आणलेला. काकूंनी पत्र आधीच एका कागदावर लिहून ठेवलेलं, तो कागद उशीखाली होता. मी त्यांचा लॅपटॉप पलंगावरच्या छोट्या मेजावर ठेवला, त्यांनी दोन बोटांनी पत्र टाईप केलं, आणि काकांना जवळ येऊ दिलं नाही.

काका सरांना म्हणाले, "बघा, मला न दाखवता लिहिणार, आणि जाणार माझ्याच मशीनमधून."

"पोस्टमन पत्र वाचतो का?" काकू म्हणाल्या.

काकांचा लॅपटॉप समोर टीपॉयवर ठेवला. खिडकीला खिडकी. हातभर अंतर. मी दोन्ही चालू केले आणि थांबले.

काहीच वाजलं नाही.

हॉलच्या खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून पडदा ओढला. उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो, हे मला कॉलेजपासून माहीत. तरी नाही. ट्यूबलाईट बंद केली. नाही. अंतर कमी केलं, मग वाढवलं. दोन्ही बंद करून परत चालू केले, आणि त्या काळचे लॅपटॉप चालू व्हायला जो वेळ घ्यायचे तेवढ्यात माझ्या पाठीतून घाम ओघळला. आत शिरून बटणं तपासली, सगळी जशीच्या तशी. यजमानाला पाहुणा केलं, पाहुण्याला यजमान. पडद्यावर तेच वाक्य, समोर कोणी आढळत नाही. काकांनी घड्याळाकडे बघितलं. मुहूर्त टळत चाललेला.

सर हळूच म्हणाले, "काल चालत होतं म्हणालीस."

"हो सर. चालत होतं."

"कोणी बघितलं?"

"आईनं."

सर यावर काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं. माझ्या आईला वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं. ते उठून काकांच्या फोनपाशी गेले. "नितीनला बोलावतो. सीडी घेऊन येईल, सगळं नव्यानं टाकून बघू." आणि नंबर फिरवायला लागले. नितीन पूजेसाठी दुकानात आलेलाच होता. चालत पाच मिनिटं.

पाच मिनिटं. त्यानंतर नितीन सगळं पुसून नव्याने टाकणार, त्यात खिडकीही कधीतरी चालणार, आणि तो राहणार. उद्या मी आयच्या पाटावर बसून बोंबील मोजणार. बोंबील विकण्यात मला कमीपणा वाटत नव्हता, हे आधी सांगते. मी त्याच पैशांवर शिकले. पण मी जे करू शकत होते ते मला आलं नाही म्हणून तिथे बसायचं, हे मला सोसणार नव्हतं.

मी माऊसवरून हात काढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या मॅडम एकच प्रश्न विचारायच्या: काल आलेलं उत्तर आज येत नाही, तर मधे काय बदललं? बटणं तीच. पुस्तक तेच. लॅपटॉप तेच. उजेड मी बंद केलेला. कालच्या दिवेलागणीपासून आत्तापर्यंत या लॅपटॉपना काय झालं? रिक्षा झाली. त्याआधी फडकं. आणि त्याआधी आयची पूजा.

पण झाकणं तर मी पुसलेली. तेवढ्यात लक्षात आलं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतात तेव्हा हळद-कुंकू नाळेला लावतात. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, जे पाण्यात आधी शिरतं. मधल्या फळ्यांना काय लावायचं? आयने जन्मभर तेच केलेलं. ज्या वस्तूला पुढचं टोक आहे तिला ती आधी टोकाला कुंकू लावणार, मग बाकीकडे. काकांच्या लॅपटॉपचं पुढचं टोक म्हणजे पुढची कड. त्या कडेच्या बरोबर मधोमध, टिळा लावायला केल्यासारखी, लाल काचेची खिडकी. लालावर लाल. माझ्या फडक्याला दिसलं नाही, मला दिसलं नाही.

मी टीपॉयजवळ गुडघे टेकले आणि खिडकीवर नख ओढलं. नखाखाली वाळलेलं कुंकू आलं.

सर फोनवर बोलत होते, "हां नितीन, ड्रायव्हरची सीडी घे..." त्यांची पाठ माझ्याकडे. काका हॉलच्या खिडकीशी. मी अंगठा जिभेला लावला, काच घासली, ओढणीच्या टोकाने पुसली. दोन्ही लॅपटॉप वाजले. टिंग. पाहुणा यजमानात शिरला. पडद्यावर निळी पट्टी भरत गेली आणि काकूंचं पत्र काकांच्या लॅपटॉपवर उतरलं.

सरांनी फोन तसाच हातात धरून मागे पाहिलं. "काय होतं?"

"अँगल, सर. जरा अँगल चुकलेला."

खोटं. फटकन तोंडातून गेलं. माझी आई अडाणी आहे हे त्यांच्या त्या न बोलण्याने त्यांनी आधीच म्हटलेलं होतं, त्यात मला भर घालायची नव्हती. काका हसून पुढे झाले, पडद्यावर वाकले, आणि काकू पलंगावरून म्हणाल्या, "वाचू नका हं." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "आणि तू बोट धुऊन जा. मोरी डाव्या हाताला." त्या आडव्या पडलेल्या, टीपॉयच्या उंचीवरच त्यांचे डोळे. त्यांनी सगळं पाहिलेलं.

दुकानात परतलो. तिथली पूजा सकाळीच झालेली. सगळ्या मॉनिटरच्या कोपऱ्यांवर हळद-कुंकवाची बोटं, कीबोर्डवर आपट्याची पानं. प्रत्येक कामानंतर एका वहीत लिहायची पद्धत होती, बिघाड काय आणि केलं काय. पुढे तसाच बिघाड आला तर दुसऱ्याने ती वही बघायची. कच्च्या माणसांनी फक्त लिहायचं, सही सरांची. नितीन स्टुलावर बसून वाट बघत होता. "ड्रायव्हर था ना? मी बोललो होतो."

मी पेन घेतलं. 'अँगल' लिहायला काहीच लागत नव्हतं. पण पुढच्या दसऱ्याला कोणाच्या तरी घरी हेच होणार, आणि तो बिचारा अँगल फिरवत बसणार. वहीत खोटं लिहिणं मला जमेना. लिहिलं: 'बिघाड – लाल खिडकीवर कुंकू. उपाय – पुसले.' वही सरांपुढे ठेवली आणि म्हटलं, "मघाशी मी खोटं बोलले. माझ्या आईनं पूजा केलेली. आम्ही होडीला लावतो तसं पुढच्या टोकाला कुंकू लावलं तिनं."

नितीन मोठ्याने हसला. "कोळीवाडा सर्व्हिस सेंटर."

सरांनी वही वाचली. मग खोलीभर नजर फिरवली. "नितीन, या मॉनिटरना हळद-कुंकू कोणी लावलं?"

"तुम्ही, सर."

"मग तिच्या आईनं वेगळं काय केलं? मला कुठे लावायचं ते माहीत, त्यांना नव्हतं. आणि तू सीडी घेऊन आला असतास, सगळं पुसून परत टाकलं असतंस, आणि कुंकू तिथेच राहिलं असतं." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. "खाली सही कर. पूर्ण नावाची."

मी लिहिलं, वनिता पांडुरंग कोळी, बी.एस्सी.

घरी आयला सगळं सांगितलं, कुंकवासकट. मला वाटलेलं तिला वाईट वाटेल. ती पाय चोळत होती. "मंग माज्यामुलंच नोकरी लागली बोल की," ती म्हणाली. "कुंकू नसता तं तू काय पुसली असतीस?" बाबांनी विचारलं, काय बोलते ती. आयने ओरडून सांगितलं. अख्ख्या आळीला कळलं.

आयने जागा सोडली तेव्हा ती रडली नाही. स्वतः बाजारात गेली, शेजारी बसणाऱ्या रखमामावशीचा पाट आपल्या हाताने आपल्या ओट्यावर सरकवला आणि परत आली. ते दोन हात सिमेंट पुन्हा आमच्याकडे आलं नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी दामले सरांच्या दुकानात पक्की म्हणून रुजू झाले. दोन लॅपटॉप तारेशिवाय जोडणारी त्या दुकानातली पहिली मी होते, आणि आमच्या घरातून डोक्यावर टोपली न घेता कामाला गेलेली पहिली बाईही मीच.